हँडल फिरवलं, गाय वळली नाही: ‘वी प्ले’मधल्या ‘चार्ज!’चा प्रकरण अभ्यास

‘वी’ हा निन्टेन्डोचा टीव्हीला जोडून खेळायचा गेम कन्सोल. त्यासाठी निघालेल्या ‘वी प्ले’ या संचात नऊ छोटे खेळ आहेत. त्यांतला आठवा ‘चार्ज!’. यात गायीवर बसून सुसाट सुटायचं, वाटेतली बुजगावणी धडक देऊन पाडायची आणि आडवी येणारी कुंपणं उडी मारून ओलांडायची. वीचा रिमोट दोन्ही हातांनी आडवा धरायचा. पुढे कलवला की वेग वाढतो, मागे कलवला की कमी होतो. डावं किंवा उजवं टोक खाली केलं की गाय त्या बाजूला वळते. वर झटका दिला की उडी. नियम इथेच संपतात.

मी इंटरफेस डिझाइन शिकवते आणि हालचालीने चालणाऱ्या यंत्रांचा विषय निघाला की वर्गात हाच खेळ लावते. याहून देखणे आणि गाजलेले खेळ पुष्कळ आहेत. पण माणसाच्या हाताला काय ठाऊक असतं आणि यंत्राला त्यातलं काय कळतं, यांच्यामधली फट इतकी उघडी मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेली नाही.

‘वी’ नोव्हेंबर 2006मध्ये अमेरिकेत आणि 2 डिसेंबर 2006 रोजी जपानमध्ये विक्रीला आला. ‘वी प्ले’ जपानमध्ये त्याच दिवशी आला, अमेरिकेत फेब्रुवारी 2007मध्ये. अमेरिकेत सुटा रिमोट 40 डॉलरला पडायचा आणि रिमोटसह ‘वी प्ले’ 50 डॉलरला. दुसरा रिमोट बहुतेक घरांना हवाच होता, त्यामुळे लोक हा संच सहज उचलत. 2007मध्ये अमेरिकेत सर्वाधिक खपलेल्या खेळांत तो ‘हेलो 3’च्या खालोखाल दुसरा होता, आणि जगभरात त्याच्या 2 कोटी 80 लाखांवर प्रती गेल्या. समीक्षकांनी मात्र त्याला बेताचेच गुण दिले. ‘रिमोटसोबत फुकट आलेला खेळ’ म्हणून त्याची बोळवण झाली आणि त्यात ‘चार्ज!’कडे कुणी नीट पाहिलंच नाही. मला ते पटत नाही. इतक्या घरांत पोचलेल्या खेळातली एखादी अडचण लाखो हातांनी अनुभवलेली असते. तिचा अभ्यास व्हायला हवा.

न्यू जर्सीतला प्रसंग

माझ्या आतेबहिणीचं घर न्यू जर्सीत आहे. तिचे सासरे पुण्याहून उन्हाळ्यासाठी आले होते. सगळी नोकरी त्यांनी सायकलवरून केली. कसब्यातून निघून खडकीपर्यंत, पावसाळ्यातही. घरात नातवंडांसाठी घेतलेला ‘वी’ होता. नात नऊ वर्षांची. आजोबांनी गायीचा खेळ खेळावा, हा तिचा हट्ट होता.

आजोबांनी रिमोट आडवा घेतला, दोन्ही टोकांना मुठी आवळल्या आणि कोपरं किंचित बाहेर काढली. सायकलवर बसलेला माणूस जसा दिसतो, हुबेहूब तसे ते दिसत होते. खेळ सुरू झाला. पुढे कलण्याचं त्यांना लगेच जमलं आणि गाय धावत सुटली. पहिलं डावं वळण आलं. त्यांनी डावा हात छातीकडे ओढला, उजवा पुढे ढकलला. रिमोट हवेत सपाटच राहून फिरला. गाय सरळ गेली आणि वळण हुकलं.

पुढच्या वळणाला त्यांनी तेच केलं, अधिक जोर लावून. या वेळी हातांसोबत खांदेही वळले आणि वळताना डावा खांदा नकळत खाली गेला. त्याबरोबर रिमोटचं डावं टोकही थोडं झुकलं. गाय जराशी वळली. आजोबा म्हणाले, “हं, म्हणजे जोर कमी पडत होता.”

या प्रकरणातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते. चुकीच्या हालचालीला खेळाने अर्धवट दाद दिली. गाय अजिबात वळली नसती तर त्यांनी दुसरं काही करून पाहिलं असतं. पण ती थोडी वळली, म्हणून त्यांनी आपली समजूत पक्की केली आणि जोर वाढवत गेले. पुढची बरीच वळणं ते कमरेपासून अंग पिळत होते, गाय कधी वळत होती, कधी नाही, आणि त्यामागचा नियम त्यांना सापडत नव्हता.

शेवटी नात म्हणाली, “आजोबा, हँडल फिरवू नका. एक बाजू खाली करा.”

“अगं, खाली केलं तर पडेल ना माणूस!”

“नाही पडत. बघा, गाडीचं स्टिअरिंग असतं ना, तसं.”

त्यांनी तिचं ऐकलं आणि गाय वळली. दोन-तीन बुजगावणी धडाधड पडली. मग एक कुंपण आलं, त्यांनी उडीसाठी झटका दिला, आणि उडीनंतर हात पुन्हा सायकलच्या पद्धतीवर गेले. हे पुनःपुन्हा होत राहिलं. निवांत असताना त्यांना नवी पद्धत आठवायची आणि घाई झाली की जुनी परत यायची. पन्नासएक वर्षं मुरलेली सवय एका दुपारीत सुटावी अशी अपेक्षा धरणंच अन्यायाचं आहे.

रिमोटला काय कळतं

वीच्या मूळ रिमोटमध्ये ॲनालॉग डिव्हायसेस कंपनीची एडीएक्सएल330 ही चिप आहे. ती तीन दिशांतलं त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, मोजते: रिमोटच्या लांबीच्या दिशेने, रुंदीच्या दिशेने आणि जाडीच्या दिशेने. प्रत्येक दिशेची कमाल मर्यादा साधारण उणे 3 जी ते अधिक 3 जी (1 जी म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाइतकं त्वरण). रिमोट स्थिर असला तरी गुरुत्वाकर्षणामुळे चिपवर कायम 1 जी दिसत असतो. तो 1 जी तीन दिशांत कसा वाटला गेला आहे, यावरून रिमोट कुठे झुकला आहे ते काढता येतं. दुसऱ्या शब्दांत, जमीन कुठल्या बाजूला आहे हे रिमोटला सतत माहीत असतं.

आडव्या धरलेल्या रिमोटचं डावं टोक 30 अंश खाली केलं की लांबीच्या दिशेला 1 जीचा अर्धा भाग येतो, कारण 30 अंशांची ‘ज्या’ (साइन) म्हणजे 0.5. हे माप ठळक आणि स्थिर आहे, कुठलाही संगणक ते सहज वाचेल. आता आजोबांची हालचाल घ्या. रिमोट सपाट आहे आणि तो सायकलच्या हँडलसारखा डावीकडे फिरतो आहे. जमीन आधी होती तिथेच, रिमोटच्या खाली आहे. तिन्ही दिशांतली वाटणी तसूभरही बदलत नाही. फिरवताना एखादा हलका धक्का नोंदला जातो, पण रिमोट किती फिरला आणि कुठल्या बाजूला, हे त्यातून भरवशाने निघत नाही. अशा प्रकारे 90 अंश फिरवा, 180 अंश फिरवा, चिपच्या लेखी काहीच घडलेलं नसतं.

म्हणजे आजोबांची हालचाल खेळाने नाकारली नव्हती. ती त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती. प्रोग्रामरने कितीही कोड लिहिला असता तरी जे आकडे आलेच नाहीत त्यांतून वळण काढता आलं नसतं.

मग मनात प्रश्न येतो की, याच रिमोटने आधीच्या खेळांत डावी-उजवीकडची हालचाल बरोबर कशी ओळखली? ‘वी प्ले’मध्ये खेळ एकामागून एक उघडतात. नेमबाजीपासून सुरुवात होते आणि एक खेळलात की पुढचा मिळतो. ‘चार्ज!’पर्यंत पोचायला आधीचे सात खेळ खेळावेच लागतात. नेमबाजी, गर्दीतले ‘मी’ (वीवर बनवलेली कार्टूनसारखी माणसं) शोधणं, टेबल टेनिस, लेझर हॉकी, बिलियर्ड्‌स अशा खेळांत रिमोट टीव्हीच्या रिमोटसारखा पडद्याकडे रोखलेला असतो. त्याच्या टोकाला इन्फ्रारेड कॅमेरा आहे आणि टीव्हीजवळ ठेवलेल्या सेन्सर बारमधले इन्फ्रारेड दिवे त्याला दिसतात. हात डावीकडे वळला की दिव्यांची जागा कॅमेऱ्यात सरकते आणि पडद्यावरचा बाणही सरकतो.

सात खेळ खेळून झाल्यावर खेळाडूची खात्री पटलेली असते की रिमोटला डावं-उजवं कळतं. आठव्या खेळात तो रिमोट आडवा करतो. त्याबरोबर कॅमेरा बाजूच्या भिंतीकडे तोंड करतो, दिवे दिसेनासे होतात आणि ती सगळी समज बंद पडते. पडद्यावर हे कुठेही जाणवत नाही. खेळाडूच्या हातात तीच वस्तू असते, पण तिचे डोळे मिटलेले असतात.

क्रमाचा हा दोष मला रिमोटच्या मर्यादेपेक्षा मोठा वाटतो. चिप बदलणं त्या वेळी शक्य नव्हतं. पण सात खेळांत एक गोष्ट शिकवून आठव्यात ती काढून घेताना तसं सांगणं शक्य होतं.

जे छान जुळलं

आता दुसरी बाजू, आणि ती सांगताना मला मनापासून आनंद होतो. गुरुत्वाकर्षणाच्या त्या मापात तीनच स्वतंत्र गोष्टी असतात. त्याची दिशा सांगायला दोन कोन लागतात आणि तिसरी गोष्ट म्हणजे त्याची एकूण मात्रा. ‘चार्ज!’मध्येही खेळाडूच्या हातात तीनच गोष्टी आहेत. डावीउजवीकडचा झुकाव पहिल्या कोनातून मिळतो. पुढेमागे झुकवताना रिमोट आपल्याच लांबीभोवती फिरतो, तो दुसरा कोन, म्हणजे वेग. रिमोटला वर झटका बसला की मात्रा 1 जीच्या बरीच वर जाते, ती उडी. जेवढं मोजता येतं तेवढंच मागितलं आहे आणि मोजलेलं काही वायाही गेलेलं नाही. बटणाची गरज उरत नाही.

त्या काळातल्या कितीतरी खेळांत रिमोट हलवणं म्हणजे बटण दाबण्याचा दमवणारा पर्याय होता. कसाही हलवा, परिणाम एकच. ‘चार्ज!’मध्ये तसं नाही. थोडं झुकवलं तर गाय थोडी वळते, जास्त झुकवलं तर जास्त. वेगही असाच मुठीत राहतो. ज्याला ही पद्धत हाताला बसते त्याला बुजगावण्यांच्या रांगेतून नागमोडी जाताना फार मजा येते. आजोबांची नात ओळीने बुजगावणी पाडत जायची तेव्हा तिचे हात जेमतेम हलताना दिसत.

उडीचा हिशेब मात्र नाजूक आहे. झटका देताना दोन्ही हात कधीच नेमके एकत्र वर जात नाहीत. ज्या हाताला जोर जास्त त्याचं टोक आधी उचललं जातं आणि रिमोट क्षणभर कलतो. शिवाय झटक्याचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या मापात मिसळतं आणि तेवढ्या वेळापुरता कोनही खोटा ठरतो. म्हणून अशा नियंत्रणात झटका ओळखला की वळणाचा आकडा थोडा वेळ गोठवून ठेवावा लागतो, हात स्थिरावले की पुन्हा सोडावा लागतो. पण खेळाडूच्या बाजूने पाहिलं तर उडीनंतरचा तो क्षणच सगळ्यांत धोक्याचा असतो. हात हवेतून खाली येतात ते जुन्या सवयीच्या जागी. आजोबांचं नेमकं तिथेच बिनसत होतं.

वाहन कोणतं, यावर हात ठरतात

‘वी’सोबत अमेरिकेत पहिल्याच दिवशी ‘एक्साइट ट्रक’ नावाचा शर्यतीचा खेळ आला होता. त्यातही रिमोट आडवा, वळण झुकावाने, चिप तीच. पण पडद्यावर ट्रक दिसतो. ट्रक म्हटलं की माणूस स्टिअरिंग धरतो, आणि स्टिअरिंग डावीकडे फिरवताना डावा हात आपोआप खाली जातो. गुरुत्वाकर्षणाला हवी असलेली हालचाल शरीर न सांगता करतं.

गायीच्या बाबतीत तसा आधार नाही. गायीवर बसून शर्यत लावलेला माणूस सापडणं कठीण, म्हणून शरीर जवळचं काहीतरी शोधतं. सायकल चालवलेला माणूस हँडल धरतो, घोड्यावर बसलेला लगाम, बैलगाडी हाकलेला कासरा. या तिन्हींत वळायचं तर एक हात आपल्याकडे ओढायचा असतो, आणि ओढण्याची हीच हालचाल रिमोटला दिसत नाही. गाय हे वाहन निवडल्यामुळे खेळाला गंमत आली, लहान मुलं त्यावर भाळली, पण शरीराच्या जुन्या आठवणींपैकी उपयोगी पडणारी एकही हाताशी राहिली नाही.

स्टिअरिंगचंही सगळ्यांचं एकसारखं नसतं, हे आपल्याकडच्या वाचकांना पटकन कळेल. मोटारीचं चाक चालकासमोर बरंचसं उभं असतं. जुन्या एसटीचं किंवा ट्रकचं चाक जवळजवळ आडवं, ताटासारखं. एसटी चालवलेल्या माणसाने रिमोट त्या सपाट पद्धतीने धरून फिरवला तर त्याचीही गत आजोबांसारखीच होईल.

निन्टेन्डोच्याच दोन खेळांनी या अडचणीवर वेगवेगळे उपाय केले. ‘वॉरिओवेअर: स्मूथ मूव्ह्‌ज’ हा ‘वी प्ले’च्याच दिवशी जपानमध्ये आला. त्यात काही सेकंदांत संपणारे असंख्य खेळ आहेत आणि ते खेळताना रिमोट कसा धरायचा याच्या ठरावीक मुद्रा आहेत. गाडीच्या चाकासारखा धरण्याचीही एक मुद्रा त्यांत आहे. नवी मुद्रा आली की खेळ थांबून ती नावासह आणि चित्रासह समजावतो, मग प्रत्येक वेळी खेळाआधी तिचं चित्र दाखवतो. खेळाडू आधी हात बसवतो, मग खेळतो.

दुसरा उपाय एप्रिल 2008मध्ये ‘मारिओ कार्ट वी’सोबत आला: प्लास्टिकचं पांढरं चाक. त्यात वायर नाही, सेल नाही, सेन्सर नाही. मधल्या खाचेत रिमोट बसवायचा, एवढंच त्याचं काम. चिपला त्या चाकामुळे एकही जास्तीचा आकडा मिळत नाही. बदलते ती फक्त माणसाची पकड. हातात गोल चाक आलं की बहुतेक माणसं ते छातीसमोर उभं धरतात आणि गाडीसारखं फिरवतात. ‘मारिओ कार्ट वी’च्या 3 कोटी 70 लाखांहून अधिक प्रती खपल्या. चाक मांडीवर सपाट ठेवून फिरवलं तर इथेही वळण नीट लागत नाही, पण तसं करावंसं सहसा कुणाला वाटत नाही.

आजोबांच्या हालचालीला खरं उत्तर 2009मध्ये मिळालं. रिमोटच्या बुडाला जोडायचा ‘मोशनप्लस’ नावाचा तुकडा आला. त्यात जायरोस्कोप होता, आणि जायरोस्कोपला गुरुत्वाकर्षणाशी संबंध नसलेलं फिरणंही कळतं. सपाट रिमोट डावीकडे फिरला तर किती वेगाने फिरला हे तो सांगतो. त्याच वर्षीच्या ‘वी स्पोर्ट्‌स रिसॉर्ट’मध्ये पाण्यावरच्या स्कूटरचा एक खेळ आहे. त्यात एका हातात रिमोट आणि दुसऱ्या हातात नंचक (रिमोटला जोडायचा दुसऱ्या हातातला कंट्रोलर) घेऊन ते हँडलच्या दोन मुठींसारखे धरायचे, आणि स्कूटरची मूठ पिळावी तसा रिमोट पिळला की जोर मिळतो. सायकल-स्कूटरवर आयुष्य काढलेल्या हातांना हा खेळ आपला वाटेल.

जायरोस्कोपचीही अडचण आहेच. तो फिरण्याचा वेग सांगतो, जागा सांगत नाही. वेगाची बेरीज करत जागा काढावी लागते, बारीकसारीक चुका साचत जातात आणि ‘सरळ’ कुठे होतं हे हळूहळू सरकतं. झुकावाच्या बाबतीत जमीन दर क्षणी ती चूक दुरुस्त करते. सपाट फिरण्याच्या बाबतीत तसा साक्षीदार नसतो, म्हणून मधूनमधून शून्य नव्याने ठरवावं लागतं. त्यामुळे वळणासाठी झुकाव वापरण्याचा ‘चार्ज!’चा निर्णय नुसती नाइलाजाची तडजोड होती, असं मी मानत नाही. तो भरवशाचा होता आणि आजही आहे.

काय बदलता आलं असतं

वर्गात मी हा प्रश्न विचारते तेव्हा पहिली उत्तरं नेहमी यंत्राबद्दल येतात: जायरो घाला, कॅमेरा फिरवा. ती बाजूला ठेवायला सांगितल्यावर चर्चा रंगते. गायीऐवजी मोटार द्यावी असं काही जण म्हणतात, पण त्याने खेळाचा जीवच जातो. लेखी सूचना वाढवाव्यात असंही कुणी म्हणतं. सूचना वाचून आजोबांच्या उडीनंतरच्या हातांना काहीही फरक पडला नसता.

मला सगळ्यांत पटलेला उपाय एका विद्यार्थिनीचा आहे. तिने धावेची सुरुवात बदलली. पहिल्या पट्ट्यात एकही बुजगावणं नको आणि कुंपणही नको, फक्त दोन सावकाश वळणं. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात आडव्या रिमोटचं छोटं चित्र, जे हातातल्या रिमोटबरोबर झुकेल. सपाट फिरवलात तर ते चित्र ढिम्म हलणार नाही आणि टोक खाली केलंत तर लगेच झुकेल. खांदा चुकून खाली गेल्यामुळे गाय जराशी वळली तर चित्रही तेवढंच झुकलेलं दिसेल, म्हणजे वळण कशामुळे मिळालं ते डोळ्यांसमोर येईल. उडीनंतर थोडा वेळ तेच चित्र किंचित मोठं करायचं, कारण हात तिथेच विसरतात. यासाठी लागणारे सगळे आकडे 2006च्या रिमोटमधून मिळतच होते.

तिचा कागदी नमुना आम्ही वर्गातल्यांच्या आई-वडिलांसमोर ठेवला. एक जण चित्र हलवणार, एक जण गाय सरकवणार, आणि पाहुण्यांच्या हातात रिमोटऐवजी फूटपट्टी. एका काकांनी फूटपट्टी हँडलसारखी फिरवली, चित्र हललं नाही, त्यांनी चित्राकडे पाहिलं आणि फूटपट्टीचं टोक खाली केलं. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं.